वाट आधीची, संरक्षण नंतरचे: शहरांलगतच्या राखीव मोकळ्या जमिनींची पार्श्वभूमी

शहर वाढू लागले की त्याच्या वेशीवरचे रान किंवा टेकडी राखायची कशी, हा प्रश्न उभा राहतो आणि ती राखली गेली की तेथे लोकांनी किती फिरावे, यावर वाद सुरू होतो. या वादात पायवाट म्हणजे संरक्षित जमिनीत मागाहून झालेली घुसखोरी, असे सर्रास गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वाट आधीपासून होती आणि तिच्यावरून चालणाऱ्यांच्या रेट्यामुळेच जमिनीला संरक्षण मिळाले.

लंडनच्या ईशान्येकडील एपिंग फॉरेस्टचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील जमीनमालक सामाईक रानाला कुंपणे घालून ते ताब्यात घेऊ लागले, तेव्हा पहिला विरोध केला तो हिवाळ्यात सरपणासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा परंपरागत हक्क असलेल्या गावकऱ्यांनी. त्यापायी 1866 मध्ये काहींना तुरुंगातही जावे लागले. पुढे लंडनच्या नगर प्रशासनाने हा लढा हाती घेतला आणि 1878 च्या कायद्याने सुमारे 6,000 एकरांचे हे रान लोकांच्या विरंगुळ्यासाठी विनाकुंपण व बांधकाममुक्त ठेवण्याची, तसेच त्याचे नैसर्गिक रूप जपण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. फिरण्याची मुभा आणि निसर्गाची राखण ही दोन्ही कर्तव्ये एकाच कायद्यात आली, हे येथे विशेष लक्षात घ्यावे लागते. त्याच कायद्याने फांद्या तोडण्याचा हक्क मात्र संपुष्टात आणला आणि भरपाईच्या पैशांतून लाउटन गावात एक सभागृह उभे राहिले. ज्यांनी रान वाचवले त्यांचे सरपण गेले, शहरवासीयांचे फिरणे राहिले. हा सौदा न्याय्य होता असे म्हणणे कठीण आहे.

इतरत्र वाटेचा हक्क इतक्या लवकर मिळाला नाही. मँचेस्टर आणि शेफिल्ड या औद्योगिक शहरांच्या दरम्यान असलेले किंडर स्काउट पठार खासगी शिकारीसाठी राखून तेथे इतरांना मज्जाव केलेला असल्याने 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो लोक बंदी मोडून वर चढले आणि त्यांपैकी काहींना कारावास झाला. उघड्या माळरानावर मोकळेपणी चालण्याचा व्यापक हक्क इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने आला तो थेट 2000 मध्ये.

अमेरिकेत भर राहिला तो जमीन विकत घेण्यावर. कोलोरॅडोतील बोल्डरच्या मतदारांनी 1959 मध्ये 5,750 फुटांपेक्षा उंच जागी नगरपालिकेचे पाणी न देण्याची तरतूद मंजूर केली, कारण पाणी नसेल तर डोंगरउतारावर वस्ती चढणे अवघड होते. मग 1967 मध्ये त्यांनी मोकळी जमीन घेण्यासाठी विक्रीकराचा काही भाग राखून ठेवला. कर भरणाऱ्याला त्या जमिनीवर पाऊल ठेवायचे असणे स्वाभाविक होते, त्यामुळे खरेदीपाठोपाठ वाटांची मागणीही वाढत गेली.

सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन काउंटीत जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सुसाट उतरवण्याचे वेड सुरू झाले. एका उताराचे नाव ‘रिपॅक’ पडले, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यातील तंटे तेव्हापासून चालत आले आहेत.

खरे नुकसान मात्र बरेचदा वाटेच्या आखणीत असते. सरळ उताराने जाणाऱ्या वाटेवरून पावसाचे पाणी धावते, माती वाहून जाते, मुळे उघडी पडतात. चिखल टाळणारे लोक कडेने चालतात आणि हातभर वाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी रुंद होते. म्हणून आता वाट उताराला आडवी, बाहेरच्या बाजूस किंचित कललेली आणि मध्येमध्ये चढ देऊन आखतात, जेणेकरून पाणी कडेला उतरून जाईल. जेथे आखणीने भागत नाही तेथे वेळापत्रक लावतात: बोल्डरमध्ये शिकारी पक्ष्यांच्या विणीसाठी काही कड्यांचा परिसर 1 फेब्रुवारी ते 31 जुलै बंद असतो आणि पिल्ले उडून गेल्यावर पुन्हा खुला होतो.