मीटरवरचा लाल दिवा मोजून बघा

आईच्या घरी जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर एका ओळीत बसवलेले आहेत. प्रत्येकावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. येता-जाता तो सगळ्यांना दिसतो, पण तो कधी भरभर आणि कधी सावकाश का लुकलुकतो हे कुणी विचारत नाही. घरातली वीज नेमकी कुठे जाते, हे त्या दिव्याइतकं स्वस्तात दुसरं कुणी सांगत नाही.

मीटरच्या पाटीवर एक आकडा छापलेला असतो. आईच्या मीटरवर तो ३२०० आहे. अर्थ सरळ आहे: दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी वीज. आता एकच उपकरण चालू ठेवा, दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. येणारं उत्तर म्हणजे त्या उपकरणाचे वॉट. (तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर ३६ लाखांना त्यानं भागा आणि ११२५ च्या जागी ती संख्या घ्या.) मीटरला हात लावायचा नाही, सीलला तर नाहीच; नुसतं बघायचं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हे करून पाहिलं. आई वर, मी जिन्याखाली, कानाला मोबाइल. फ्रिजपासून राउटरपर्यंत सगळं बंद केलं.

"हॉलमधला दिवा लाव."

"लावला."

नऊ वॉटचा एलईडी. मी वाट बघत राहिलो. सव्वाशे सेकंदांनी मीटर एकदा लुकलुकला. मग तो दिवा घालवून पंखा लावला, पाचवर: दर पंधरा सेकंदांनी एकदा, म्हणजे ७५ वॉट. "आता पंखा बंद कर आणि गिझर लाव गं." आणि मीटर असा धावायला लागला की नजरेनं मोजता येईना. मोबाइलवर चित्रण करून ते सावकाश चालवून पाहिलं, तेव्हा दहा सेकंदांत अठरा लुकलुकी भरल्या. दोन हजार वॉट.

आई लहानपणापासून आम्हाला दिवा राहिला म्हणून ओरडत आली. साठ वॉटचे पिवळे बल्ब होते तेव्हा ते बरोबरच होतं. आज मात्र तो एलईडी नऊ तास विसरला तर जेवढी वीज जाते, तेवढी गिझर अडीच मिनिटांत घेतो.

याचं कारण पाण्यात आहे. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ४२०० जूल लागतात (जूल हे ऊर्जेचं माप; ३६ लाख जूल म्हणजे एक युनिट). रोजच्या वापरातल्या पदार्थांत एवढी उष्णता मागणारं दुसरं फारसं काही नाही. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायचं तर २२ लाख जूल, म्हणजे ०.६ युनिट. आकडा छोटा वाटतो, पण तेवढ्याच ऊर्जेत तेच पंधरा लिटर पाणी कळसूबाईच्या नऊपट उंच उचलता येईल! हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून तीनदा केला. उष्णता महाग असते; उजेड आणि वारा त्या मानानं स्वस्त.

म्हणून "आमचा गिझर कमी विजेत पाणी तापवतो" असं दुकानदार म्हणाला तर जरा थांबा. विजेच्या कॉइलनं तापवताना जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते, मग गिझर कोणताही असो. साठवणीच्या गिझरवरचे तारे सांगतात ते वेगळंच: तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून राहिलं तर दिवसभरात किती उष्णता गळते. बचत आहे ती दोनच ठिकाणी. पाणी कमी वापरणं, आणि तापवून ताटकळत न ठेवणं. चाळीस अंशांच्या एका वीस लिटरच्या बादलीला ०.३५ युनिट पुरतं. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर १.४ युनिट. चौपट. आंघोळी लागोपाठ उरकल्या की टाकीतलं उरलेलं पाणी निवून पुन्हा तापवावं लागत नाही, हे तांब्याच्या बंबाच्या काळात घराघरांत माहीत होतं.

पंख्याची गोष्ट उलटी आहे. वॉट थोडे, पण तास पुष्कळ. शिवाय पंखा खोली थंड करत नाही. अंगावरचा घाम वाऱ्यानं लवकर वाळतो आणि ती उष्णता त्वचेची जाते. खोलीत माणूस नसेल तर पंखा फक्त मोटरची उष्णता हवेत ओतत असतो. जुन्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागात वीज चुंबकीय क्षेत्रानं निर्माण करावी लागते आणि त्यात बरीच वाया जाते. बीएलडीसी (म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्यात त्या भागावर कायमचे चुंबक असतात, त्यामुळे तेवढाच वारा तीसेक वॉटमध्ये मिळतो. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. म्हणून बदलायचाच तर आधी बेडरूमचा बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुना राहू द्या.

हे वीस युनिट बिलात कुठून कमी होतात, हेही बघण्यासारखं आहे. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर दर बदलतो. तीनशे ओलांडले की सगळंच बिल वरच्या दरानं येतं असा समज पुष्कळांचा आहे. तसं नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण वाचलेलं युनिट नेहमी वरूनच कापलं जातं, म्हणजे सर्वांत महागडं युनिट आधी जातं. त्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्कही त्याबरोबर जातं. स्थिर आकार मात्र काही केल्या हलत नाही.

शेवटी आम्ही सगळे प्लग पुन्हा लावले, पण चालू काहीच केलं नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबल्यावर मोजलं: पंचेचाळीस सेकंदांनी एकदा. २५ वॉट, काहीही न चालवता. भिंतीवरचा सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि राउटर. असेच महिनाभर चालू राहिले तर अठरा युनिट होतात.

आईनं आता टीव्हीच्या बोर्डाचं बटण रात्री घालवायची सवय लावून घेतली आहे. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. ती स्वतः जिन्याखाली उभी होती, हातात बाबांचं जुनं घड्याळ. "एकशे दहा सेकंद," म्हणाली.