गोदाघाट (नाशिक)

नाशिक शहरात गोदावरीच्या दोन्ही काठांवर, होळकर पुलापासून खाली नारोशंकराच्या देवळाच्या अंगाला पसरलेला कुंडे, पायऱ्या, देवळे आणि बाजार यांचा परिसर म्हणजे गोदाघाट. डाव्या काठाला पंचवटी, उजव्या काठाला जुने नाशिक. जुन्या नाशिककरांच्या तोंडी मात्र ‘गोदाघाट’ नसतो, ‘गंगाघाट’ असतो. ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ असे कुणी म्हणाले, तर तो काशीला निघालेला नसून भाजी आणायला निघालेला असण्याचीच शक्यता जास्त.

नाशिकला समुद्र नाही. पण अरबी समुद्र फार लांबही नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावणारी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1,465 किलोमीटरची वाट तुडवत बंगालच्या उपसागराला मिळते. उगमानंतरचे हे तिचे पहिले मोठे शहर. पश्चिम किनाऱ्यावरच्या सोपारा, कल्याण या बंदरांतून घाट चढून येणारा माल याच भागातून देशावर जात असे. शहराबाहेरच्या पांडवलेण्यांत त्याच्या खुणा कोरलेल्या आहेत. दहाव्या लेण्यातल्या लेखात क्षत्रप (शक शासक) नहपानाचा जावई उषवदात याने दमण, तापी, डहाणू आदी नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याची आणि भडोच, सोपारा, गोवर्धन इथे धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. हे गोवर्धन नाशिकला लागूनच आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्णन ‘तीन समुद्रांचे पाणी प्यालेल्या घोड्यांचा राजा’ असे करून ठेवले आहे.

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही म्हण घाटावरून वर पाहिले की पटते. गल्ल्या एकदम चढतात, पुढे एकदम उतरतात. यांपैकी जुनी गढी या टेकडावर 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले व वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेली. मोगलाईत शहराचे नाव गुलशनाबाद होते.

आज दिसणारा घाट मात्र मुख्यतः पेशवाईतल्या सरदारांच्या पैशातून उभा राहिला. रामकुंड त्याआधीचे, 1696 मध्ये खटावच्या जमीनदाराने बांधलेले. पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली. 1747 मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी रामेश्वराचे देऊळ बांधले. त्याच्या तटावर टांगलेली घंटा वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांकडून आलेली. चर्चची घंटा महादेवाच्या दारात कशी, हे इथे कुणी विचारत नाही; पुराचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचायला किती उरले, ते तेवढे विचारतात. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचे सुंदरनारायण 1756 चे. वर पायऱ्या चढून जायचा कपालेश्वर हा समोर नंदी नसलेला महादेव. नंदीने शंकराला पापमुक्तीचा मार्ग सांगितला, म्हणून तो गुरू ठरला आणि गुरूला समोर बसवायचे नाही, अशी कथा पुजारी सांगतात.

काळाराम मंदिर घाटापासून थोडे आत, पंचवटीत आहे. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या मंदिराचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातला. कारागिरीपेक्षा त्याचा दरवाजा इतिहासात अधिक मोठा आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी इथे सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. दरवाजे बंद ठेवले गेले, रामनवमी उत्सवातल्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, आणि लढा काही वर्षे चालूनही दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दर्शनाची रांग लावताना हे आठवावे, असे इथला एखादा म्हातारा माणूस न विचारता सांगतो.

नदी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. या वळणामुळे आणि अरुणेच्या संगमामुळे इथे अस्थिविसर्जनाला महत्त्व आहे. महात्मा गांधींच्या अस्थीही इथे विसर्जित झाल्या. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ भरतो. वैष्णव आखाडे रामकुंडात, तर शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात स्नान करतात. मागचा सिंहस्थ 2015 चा. गर्दी सोयीची व्हावी म्हणून कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले आणि तळचे झरे बुजले, ही घाटावरची सर्वांत जुनी तक्रार. नदीतले काँक्रीट काढण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. प्रस्तुत लेखकाचे मत तक्रारदारांच्या बाजूचे आहे : कुंडाला तळ असावा, फरशी नव्हे.

पावसाळ्यात घाटावर हुकूम चालतो तो दुतोंड्या मारुतीचा. नदीपात्रात उभी असलेली ही दोन तोंडांची मूर्ती शहराची पूरमापक पट्टी आहे. गंगापूर धरणाचा विसर्ग किती हजार क्युसेक, हे आकडे बातम्यांत येतात. पण नाशिककराला कळते ते ‘मारुतीच्या गुडघ्याला पाणी’, ‘कमरेला’, ‘छातीला’. छातीला लागले की भांडीबाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या माळ्यावर चढवू लागतात. 1969, 2008, 2016 आणि 2019 चे पूर लोक वर्षांनिशी सांगतात. पाणी उतरले की देवळांच्या पायऱ्यांवर बोटभर चिखल राहतो आणि तो बादल्या-खराट्यांनी काढायला पहाटेपासून माणसे लागतात.

घाट पाहायचा तर बुधवारी पाहावा. त्या दिवशी काठावर आठवडे बाजार भरतो : कोथिंबिरीच्या जुड्या, सुकी मासळी, खुरपी-विळे, आणि त्यांच्या शेजारीच मुंडण करून पिंडदानाला बसलेले यजमान. एकमेकांची अडचण कुणालाच वाटत नाही. उन्हाळ्यात देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला होते. चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात.

होळीला नाशिक धुळवडीपेक्षा रंगपंचमीची वाट पाहते, कारण त्या दिवशी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे चौकातला पेशवेकालीन दगडी हौद. तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट आळी आणि पंचवटीतला शनी चौक इथल्या रहाडी प्रसिद्ध आहेत आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला : तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी, शनी चौकाची गुलाबी. पूजा झाली की पोरे वरून ‘धप्पा’ मारतात, म्हणजे धाडकन उडी घेतात, आणि रंग काठावरच्यांच्या अंगावर येतो. सण संपला की रहाडीवर लाकडी फळ्या टाकून वर माती लोटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून रिक्षा जातात.