पक्षाघातातील गुठळी, इंजेक्शन आणि डी-डायमर : थोडी पार्श्वभूमी

पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिल्यानंतर तो कितपत सावरेल, याचा अंदाज रक्ततपासणीवरून बांधण्याच्या प्रयत्नांमागे बराच जुना घोळ आहे. १९३३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट यांना स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंपासून माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवणारा पदार्थ मिळाला. तोच पुढे स्ट्रेप्टोकायनेज म्हणून ओळखला गेला. त्याच्यामुळे रक्तात तयार होणारे प्लाझ्मिन हे विकर गुठळीतले फायब्रिनचे धागे तर तोडतेच, पण ज्यापासून हे धागे बनतात ते रक्तात विरघळलेले फायब्रिनोजेन हे प्रथिनही सोडत नाही. शिवाय १९७१ मध्ये लंडनला सीटी स्कॅन सुरू होईपर्यंत झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे खात्रीने सांगणेच अवघड होते. १९९० च्या दशकात, सीटी हाताशी असतानाही, पक्षाघातातील स्ट्रेप्टोकायनेजच्या मोठ्या चाचण्या रक्तस्राव व मृत्यू वाढल्याने मध्येच थांबवाव्या लागल्या.

टीपीए हे गुठळी विरघळवणारे दुसरे औषध मुख्यतः गुठळीच्या पृष्ठभागावर काम करते. डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ते तीन तासांच्या आत दिल्यास तीन महिन्यांनी जवळजवळ अपंगत्वाविना उरणाऱ्यांचे प्रमाण वाढले. मात्र मेंदूत लक्षणीय रक्तस्राव औषध न मिळालेल्यांतील ०.६ टक्क्यांच्या तुलनेत ६.४ टक्क्यांना झाला. यातूनच पुढे प्रश्न आला, की असा रक्तस्राव होणारे रुग्ण आधी ओळखता येतील का?

डी-डायमर इथेच महत्त्वाचा ठरतो. गुठळीतले फायब्रिनचे धागे रक्त गोठवणारा तेरावा घटक एकमेकांना पक्के सांधतो आणि प्लाझ्मिनने ते तोडले तरी जोडीने सांधलेली दोन ‘डी’ टोके सुटत नाहीत. हाच तुकडा म्हणजे डी-डायमर; तो नुसत्या फायब्रिनोजेनपासून बनत नाही. १९८३ मध्ये ब्रिस्बेनच्या संशोधकांनी त्याला नेमके ओळखणारे मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या पेशींपासून बनवलेले एकसारखे) प्रतिपिंड वापरून चाचणी मांडली. अडचण अर्थ लावण्यात आहे. इंजेक्शनपूर्वी वाढलेला डी-डायमर मोठ्या गुठळीकडे, हृदयातून आलेल्या गुठळीकडे, कधी कर्करोग वा जंतुसंसर्गाकडेही बोट दाखवतो, आणि वयाबरोबर तो एरवीही वाढतोच. इंजेक्शननंतरची वाढ मात्र औषधाने गुठळी तोडल्याचीच खूण असू शकते. दोन्ही आकडे एकाच रकान्यात भरणारे अभ्यास वाचताना म्हणूनच रक्त कधी काढले हे आधी पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

फायब्रिनोजेनबाबत चित्र जरा स्पष्ट आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५७ रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासात, उपचारानंतर दोन तासांनी फायब्रिनोजेनच्या तुटक्या तुकड्यांचे प्रमाण लिटरमागे २०० मिलिग्रॅमहून अधिक असलेल्यांत मेंदूतील रक्तस्रावाचा धोका वाढलेला दिसला. तरीही तीन महिन्यांनंतरच्या स्थितीवर वय, झटक्याची तीव्रता आणि वाया गेलेला वेळ यांचाच प्रभाव मोठा असतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्याची वा रक्तविकाराची शंका नसेल, तर गोठण्याच्या चाचण्यांच्या निकालासाठी इंजेक्शन रोखून धरू नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याआधी अनिवार्य आहे ती फक्त रक्तशर्करेची तपासणी. उपचारादरम्यान वा नंतर डोके अचानक दुखू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, की औषध चालू असल्यास ते बंद करून सीटी काढतात आणि फायब्रिनोजेन मोजतात. रक्तस्राव दिसल्यास फायब्रिनोजेन भरून काढण्यासाठी क्रायोप्रेसिपिटेट हा दात्याच्या रक्तापासून बनवलेला, फायब्रिनोजेनने समृद्ध घटक देतात.