कॅलिस्टोगाला निघण्याआधी

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मुलांकडे आलेले आई-बाबा या सहलीचं नाव काढलं की हमखास विचारतात, "म्हणजे आपल्या वज्रेश्वरीसारखंच का?" पाणी दोन्हीकडे जमिनीतूनच गरम येतं. पण कॅलिस्टोगाला देवीचं दर्शन नाही. तिथे बघायचं ते जुनं रेल्वे स्टेशन.

सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण १२० किलोमीटरवर, नापा खोऱ्याच्या वरच्या टोकाला हे गाव आहे. मूळचे वाप्पो लोक इथे वाफेचं स्नान घेत. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी जागेला सरळ 'आग्वा कालिएन्ते', म्हणजे गरम पाणी, असंच नाव ठेवलं होतं.

मग आला सॅम ब्रॅनन नावाचा व्यापारी. १८४८ साली सोन्याच्या कणांची बाटली नाचवत "सोनं! सोनं!" ओरडत सॅन फ्रान्सिस्कोत फिरला तो हाच. घमेली-फावडी आधीच आपल्या दुकानात भरून ठेवली होती, बरं का! ती विकून मिळालेल्या पैशातून त्याने इथली जमीन घेतली. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगाच्या झऱ्यांवर श्रीमंत मंडळी जात, तसं ठिकाण त्याला इकडे हवं होतं. "कॅलिफोर्नियाचं सॅराटोगा" म्हणायला गेला आणि दारू घेतलेली असल्यामुळे "सॅराफोर्नियाचं कॅलिस्टोगा" बोलून बसला, असं सांगतात. दंतकथा असेल, पण नाव त्याच दोन शब्दांचं आहे.

नुसत्या झऱ्यांवर गिऱ्हाईक येईना, म्हणून रेल्वे. १८६८ मध्ये रूळ गावापर्यंत आले. लोक बोटीने व्हॅलेहो बंदरात उतरत आणि पुढे गाडीने येत. ब्रॅननला मात्र ते लाभलं नाही. घटस्फोटाच्या वाटणीत मालमत्ता विकावी लागली आणि १८८९ मध्ये तो गरिबीत वारला.

लिंकन अव्हेन्यूवरचं १८६८ चं स्टेशन अजून उभं आहे. गाडी मात्र येत नाही. नापाची वाइन ट्रेन, म्हणजे पर्यटकांची गाडी, तीसुद्धा सेंट हेलेनाहूनच परत फिरते. म्हणून आपण व्हॅनने जातो.

आता तिथल्या चिखलाच्या स्नानाबद्दल. ज्वालामुखीची जुनी राख, पीट (दलदलीतली कुजलेल्या पाल्याची) माती आणि गरम पाणी कालवून हौद भरतात. दहा-बारा मिनिटं पुरे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसते पाय बुडवून बसलात तरी चालेल. पोहण्याचा जुनाच पोशाख आणा, डाग जात नाहीत. चांदीचे पैंजण-जोडवी घरीच ठेवा. गंधकाच्या पाण्यात ती काळी पडतात.