जुन्या कपावरची जाळी वयाचा दाखला नव्हे

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात चिनी मातीची भांडी चाळायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "ही जाळी बघा, शंभर वर्षांचा माल आहे." कपाच्या किंवा बशीच्या चकचकीत पृष्ठभागावर केसासारख्या बारीक तड्यांचं जे जाळं दिसतं, त्याकडे बोट दाखवून हे सांगितलं जातं आणि घेणाराही मान डोलावतो. जाळी नसलेला कप 'नवा' समजून बाजूला ठेवणारे संग्राहकही असतात.

हा समज चुकीचा आहे. भट्टीतून बाहेर काढताच जाळी पडलेली भांडी असतात, आणि दीडशे वर्षं वापरूनही ज्यांच्यावर एक रेघ उमटलेली नाही अशीही असतात. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी, कुंभार अशी जाळी मुद्दाम पाडत आणि ती उठून दिसावी म्हणून तड्यांत रंग मुरवत. आज हेच काम चहाच्या दाट काढ्यात भांडं बुडवून होतं. त्यामुळे तपकिरी रेघा हा जुनेपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

मग ती जाळी काय सांगते? भांडं कोणत्या मातीचं आहे, किती तापवलं होतं आणि त्यात आज आमटी वाढावी की नाही, याबद्दल ती पुष्कळ सांगते. ते कसं, हे समजून घ्यायला थोडं खोलात जावं लागेल.

चिनी मातीच्या भांड्याचे दोन भाग असतात: आतलं भाजलेल्या मातीचं अंग आणि त्यावर चढवलेली झिलई. झिलई म्हणजे अक्षरशः काच असते. भट्टीत ती वितळून मातीला चिकटते आणि थंड होताना दोन्ही आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. अनुभवी कारागीर झिलईचं मिश्रण असं जमवतो की ती अंगापेक्षा किंचित कमी आकसावी. अंग जास्त आकसतं, त्यामुळे झिलई चहूबाजूंनी दाबली जाते, आणि तिला तेच हवं असतं. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला अजिबात सोसत नाही. दाबाखाली असलेली झिलई वर्षानुवर्षं अभंग राहते. गणित उलटं झालं आणि झिलईच जास्त आकसली, तर ती ताणली जाते आणि तडकते. ही झाली भट्टीतली जाळी.

जी जाळी दहा-वीस वर्षांनी, कपाटात नुसत्या ठेवलेल्या भांड्यावर उमटते, तिचं कारण वेगळं आहे, आणि मला त्याचंच सर्वात जास्त अप्रूप वाटतं. झिलई बदललेली नसते. खालची माती वाढलेली असते.

मातीतलं मुख्य खनिज केओलिनाइट. त्याच्या स्फटिकात ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनबरोबर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, घट्ट बसवलेले असतात. शुद्ध केओलिनाइटच्या वजनाचा सुमारे १४ टक्के भाग या रूपात अडकलेलं पाणीच असतं. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला हे गट मोडतात आणि वाफ होऊन निघून जातात. कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, भाजलेलं विरघळत नाही, ते या बदलामुळेच. पण पाणी निघून गेल्यावर मागे उरलेली रचना विस्कळीत असते. तिच्यात न जुळलेले बंध असतात आणि गमावलेले हायड्रॉक्सिल परत मिळवण्याची ओढ असते. हवेत बाष्प असतंच. भांडं भट्टीतून बाहेर आलं की पहिल्या तासापासून त्याची माती हे बाष्प पकडायला लागते आणि रासायनिकरीत्या स्वतःत बांधून घेते.

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, तसंच काहीसं हे. फरक एवढाच की दार हिवाळ्यात सुकून पुन्हा जागेवर येतं, माती येत नाही. या पाण्याने स्फटिकाच्या रचनेत जागा धरलेली असते. उन्हात ठेवून ते निघत नाही, त्यासाठी पुन्हा ५०० अंशांची भट्टीच लागते.

वाढ होते तरी किती? विटांच्या बाबतीत लांबीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. हे क्षुल्लक वाटेल, पण लांब भिंतीत फुगायला सांधे ठेवले नाहीत तर एवढ्या वाढीने भिंत तडकते. कपाच्या बाबतीत ही वाढ झिलईवरचा दाब हळूहळू खाऊन टाकते. दाब शून्यावर येतो, मग त्याचा ताण होतो, आणि एखाद्या रात्री कपाटातून 'टिंग' असा बारीक आवाज येतो. जुन्या भांड्यांचा संग्रह असलेल्यांनी तो ऐकला असेल. १९२८ साली अमेरिकी मृत्तिकातज्ज्ञ एच. जी. शुरेख्ट यांनी उशिरा पडणाऱ्या तड्यांमागे आर्द्रतेने होणारी ही वाढ आहे हे दाखवलं. आजही भांड्यांची परीक्षा घेताना ती दाबाखालच्या वाफेत ठेवतात, म्हणजे अनेक वर्षांची वाढ काही तासांत घडवून आणता येते.

ही वाढ एका चालीने होत नाही. मँचेस्टरच्या मोइरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की ती काळाच्या चतुर्थमूळाच्या, म्हणजे वर्गमूळाच्याही वर्गमूळाच्या, प्रमाणात होते. पहिल्या वर्षी झालेली वाढ एक एकक धरली, तर ती दोन एकक व्हायला १६ वर्षं लागतात, तीन व्हायला ८१ आणि चार व्हायला २५६. म्हणजे वेग सतत मंदावतो, पण वाढ थांबत नाही. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत रोमन काळातल्या विटाही होत्या. दोन हजार वर्षांच्या आसपासची वीट अजूनही हवेतून पाणी घेते आहे! मला तरी मातीच्या रसायनशास्त्रात याहून थक्क करणारं काही सापडलेलं नाही.

पुढे २००९ मध्ये याच गटाने उलट प्रश्न विचारला. माती ठरावीक नियमाने पाणी घेत असेल, तर घेतलेल्या पाण्यावरून तिचं वय का काढू नये? खापराचा तुकडा तोलायचा, ५०० अंशांना तापवून त्यातलं बांधलेलं पाणी घालवायचं, पुन्हा तोलायचा. मग अतिसंवेदनशील तराजूवर ठेवून तो किती वेगाने पाणी परत घेतो ते पाहायचं आणि गमावलेलं सगळं वजन भरून यायला किती काळ लागेल याचं गणित मांडायचं. इंग्लंडमधल्या कँटरबरीतल्या एका मध्ययुगीन विटेचं वय या रीतीने काढलं, तर ते पुन्हापुन्हा ६६ वर्षं येत राहिलं. शोध घेतल्यावर उलगडा झाला: दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या आगीत ती वीट पुन्हा भाजली गेली होती आणि तिचं घड्याळ शून्यावर आलं होतं. रीत अजून सर्वमान्य झालेली नाही. भांडं सरासरी किती तापमानात राहिलं यावर उत्तर फार अवलंबून असतं, आणि काही प्रकारच्या मातीवर निकाल नीट जुळले नाहीत. तरीही वय मोजायचं तर असं मोजावं लागतं. जाळीकडे बोट दाखवून ते होत नाही.

आता घरातल्या वापराकडे. पाणी घेण्याची ही ओढ सगळ्या भांड्यांत सारखी नसते. कमी तापमानाला, साधारण हजार-अकराशे अंशांवर भाजलेल्या मातीचं अंग सच्छिद्र राहतं. ते स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त पाणी पिऊ शकतं. निळ्या नक्षीच्या जुन्या विलायती बश्या आणि कप बरेचदा या जातीचे असतात. बाराशे अंशांच्या पुढे गेलं की मातीचाच काही भाग वितळतो, त्याची काच छिद्रं भरते आणि अंग घट्ट होतं. लोणच्याची बरणी किंवा सट या जातीचा. अस्सल पोर्सिलीन तर जवळजवळ पाणी घेतच नाही.

आपल्याकडची वर तपकिरी आणि खाली पांढरट बरणी ही या सगळ्यात माझी सर्वात लाडकी वस्तू. असा दुरंगी लेप इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३५ च्या सुमारास रुळला. जिंजर बिअरच्या जुन्या बाटल्यांवर तोच दिसतो. फेल्डस्पार हे खनिज आणि जस्ताचं ऑक्साइड वापरून केलेली ही झिलई उच्च तापमानाला वितळते, त्यामुळे तिला शिशाची गरज पडत नाही. लोणच्याला हे दोन्ही बाजूंनी सोयीचं. मीठ आणि आंबटपणा तिचं काही बिघडवत नाहीत, आणि घट्ट अंगात खार मुरत नाही. साध्या सच्छिद्र भांड्यात मीठ भरून ठेवलं तर खारट पाणी छिद्रांत शिरतं, बाहेरच्या बाजूला सुकतं, तिथे मिठाचे स्फटिक वाढतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. भिंतीला लोणा लागतो तो याच कारणाने. आजीने दादरा बांधून ठेवलेली बरणी अजून धड असेल, काठाला टवका उडालेला नसेल आणि आत जाळी नसेल, तर तिच्यात कैरीचं लोणचं घालायला माझी काहीच हरकत नाही. माळ्यावर धूळ खात ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

शिशाचं मात्र गांभीर्याने घ्या. कमी तापमानाला भाजायच्या भांड्यांवर झिलई लवकर वितळावी, आरशासारखी चमकावी आणि तिच्यावर जाळी पडू नये म्हणून जुने कारखाने शिशाचं ऑक्साइड सर्रास वापरत. काचेत नीट बांधलेलं शिसं पाण्याला सहज सुटत नाही. आम्ल आलं की खेळ बदलतो. आम्लातले हायड्रोजन आयन काचेत शिरून शिशाच्या आयनांची जागा घेतात, आणि बाहेर पडलेलं शिसं अन्नात येतं. चिंचेचं सार, सोलकढी, लिंबाचं लोणचं, दही, टोमॅटोची चटणी हे सगळे आंबट पदार्थच. जाळीमुळे आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो, खालचं सच्छिद्र अंग आंबट रस शोषून घेतं आणि तो घासून धुता येत नाही. मग तिथे जंतूही मुक्काम करतात. झिलईच्या वरून काढलेली लाल, पिवळी, केशरी फुलं तर आणखी कमी तापमानाला भाजलेली असतात, त्यांच्यातून शिसं सुटण्याची शक्यता जास्त. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचं आढळलेलं नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. त्यामुळे वारशाने आलेल्या नक्षीदार कपात नातवाला दूध देण्याचा मोह टाळा.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या जुन्या बाजारांतून भांडी जमवणाऱ्यांसाठी एक भर. १९३६ पासून निघालेल्या फिएस्टा मालिकेतल्या मूळच्या केशरी-लाल भांड्यांच्या झिलईत युरेनियमचं ऑक्साइड असे. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर जवळ नेला की टिकटिकतो, म्हणून लोक घाबरतात. कपाटात ठेवलेल्या बशीचा किरणोत्सर्ग अल्प असतो. खरी अडचण तीच, आंबट पदार्थात युरेनियम आणि शिसं उतरण्याची. शोभेला ठेवा, त्यात जेवू नका.

तडा गेलेलं भांडं घरात ठेवलं की लक्ष्मी निघून जाते, असं आपल्याकडे आवर्जून सांगतात. या भीतीपोटी सुंदर वाडगे उकिरड्यावर गेलेले आहेत. तड्यामुळे नशीब फिरत नाही. तडा गेलेल्या भांड्यात जेवू नये, याला वर सांगितलेली सरळ कारणं आहेत. पण त्यात पेनं ठेवा, कडधान्य मोजायचं माप करा, छोटं रोप लावा, काहीही बिघडत नाही. उलट्या टोकाला, मातीच्या कुठल्याही भांड्यात अन्न ठेवलं की त्यातली विषं शोषली जातात आणि पाणी औषधी होतं, असं सांगून भांडी विकणारेही आहेत. सच्छिद्र माती जे समोर येईल ते शोषते. विष ओळखून वेगळं काढण्याची कोणतीही सोय तिच्यात नाही.

घरी काय तपासता येतं? भांडं पालथं करा. बुडाच्या कड्यावर, जिथे झिलई नसते, तिथे पाण्याचा थेंब ठेवा. तो पटकन मुरला तर अंग सच्छिद्र, तसाच राहिला तर घट्ट. मग माठ घेताना वाजवतो तसं बोटाच्या पेराने वाजवून पाहा. घट्ट आणि धड भांडं खणखणतं, सच्छिद्र किंवा आतून तडकलेलं बद्द वाजतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर कोरडं भांडं तोला, दिवसभर पाण्यात ठेवून पुसून पुन्हा तोला. वजन नजरेत भरण्याइतकं वाढलं तर त्या भांड्याला ताटात जागा नाही.

शिशाबद्दल मात्र या तिन्ही चाचण्या काहीच सांगत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्यांवरही पूर्ण विसंबू नये, त्या पृष्ठभागावर सुटं असलेलं शिसंच पकडतात. क्ष-किरणांचं हातातलं यंत्र झिलईत शिसं आहे की नाही ते सांगतं, पण ते अन्नात उतरेल का हे सांगत नाही. खरी परीक्षा प्रयोगशाळेतली: भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) भरून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवतात आणि त्यात किती शिसं आणि कॅडमियम (हाही एक विषारी धातू) उतरलं ते मोजतात. संग्रहातल्या एखाद्या भांड्याचा रोज वापर करायचा मनात असेल, तर ही तपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत त्यात कोरडं फरसाण, सोललेली फळं नव्हे तर सालासकटची केळी-संत्री, असलंच काही ठेवावं, आणि ते भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. सोनेरी काठ असेल तर ठिणग्या उडतात, आणि उष्णतेने शिसं सुटण्याचा वेगही वाढतो.