प्लग पुसायच्या आधी नीट बघा

ओहोटीला वर्सोव्याच्या खाडीतून गाळ चुकवत होडी हळूहळू बाहेर काढायची, जाळ्यापाशी पुन्हा बराच वेळ आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, रेंगाळायचं, आणि परत येताना थ्रॉटल दिला की होडीच्या मागे लावलेलं टू-स्ट्रोक औटबोर्ड इंजिन मिसिंग मारायला, म्हणजे अडखळायला लागतं. मग काय, पेट्रोल पेटवायची ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग काढला, काळाकुट्ट दिसला, पॉलिश पेपर मारला, लावला, चालू. चार दिवसांनी परत तेच.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं आणि जळतं, त्यामुळे थोडी काजळी धरणारच. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० डिग्री सेल्सियसच्या मधे तापलेलं असेल तर ती आपोआप जळून जाते, पण आयडलवर ते तेवढं तापतच नाही, त्यात इंजिन थंड करायला अख्खा अरबी समुद्र हाताशी! आणि काजळी म्हणजे कार्बन, त्यातून वीज जाते, म्हणून कॉइलकडून आलेले हजारो व्होल्ट फटीतून ठिणगी टाकायच्या ऐवजी पांढऱ्या चिनीमातीवरच्या काजळीवरून सरळ बॉडीत उतरतात. ठिणगी नाही म्हणून पेट्रोल जळत नाही, आणि न जळलेल्या पेट्रोल-ऑइलने प्लग आणखी भिजतो.

म्हणून पुसायच्या आधी रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर सगळं बरं आहे. काळा पण कोरडा, भुकटीसारखा असेल तर पेट्रोल जास्त येतंय, चोक (थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारी झडप) अर्धवट अडकलाय का ते आधी बघा. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त, नाहीतर ठिणगीच पडत नाहीये. पांढराफटक आणि फोड आलेला दिसला तर मात्र इंजिन तापतंय, तिथे घाई करा, पिस्टन जाऊ शकतो. पाण्याचे थेंब दिसले तर पेट्रोलमध्ये पाणी आहे किंवा हेड गॅस्केट गेलंय. आणि हो, ज्या स्पीडला त्रास होतो त्याच स्पीडला, मोकळ्या पाण्यात, इंजिन बंद करून प्लग काढा, नाहीतर धक्क्यापर्यंत आयडलवर आलात की रंग बदललेला असतो.

सगळे प्लग सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांचा मिळून असतो, म्हणजे मिक्स (पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण), पेट्रोल, नुसतं हळू चालवणं, नाहीतर उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनातलं थंड पाणी आवरणारी झडप), हे शेवटचं बरेच जण बघतच नाहीत. एकच काळा असेल तर तो दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी बदला. काळेपणा प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, त्याच सिलिंडरला राहिला तर त्या सिलिंडरचा कार्ब्युरेटर किंवा कॉइल तपासा. पैसा लागत नाही आणि माझ्या मते याच्याइतकी कामाची टेस्ट दुसरी नाही.

मिक्स बऱ्याच इंजिनांना ५०:१ लागतं, म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, पण आपल्या इंजिनाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, जुन्यांना जास्त लागतं. अंदाजाने 'थोडं जास्तच बरं' म्हणून ओतू नका. ऑइलही टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचा दर्जा) लिहिलेलंच घ्या, जुन्या स्कूटरला पंपावर मिळायचं ते नको, ते हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं आणि त्यातल्या ॲडिटिव्हची राख इथे प्लगवर बसते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते मुंबईच्या दमट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळी मासेमारी बंदीत टाकीत उरलेलं पेट्रोल बंदी उठल्यावर तसंच वापरू नका.

पॉलिश पेपरबद्दल म्हणाल तर समुद्रात अडकलात तर मारा, पण किनाऱ्यावर आल्यावर नवीन प्लग टाका. सँडब्लास्ट अजिबात नको, वाळूचा कण आत राहिला तर सिलिंडर घासून टाकतो. नवा प्लग इंजिन थंड असताना आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा, त्याहून जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.