कोहिनूर आणि कैदी कारागीर: लंडनची दोन प्रदर्शनं

कोहिनूर जिथे मांडला होता तिथेच हिंदुस्थानी कारागीरही बसवले होते, असं पुष्कळांना वाटतं. दोन्ही लंडनमध्येच घडलं खरं, पण मध्ये ३५ वर्षं गेली होती. १८५७ही होऊन गेलं होतं.

१८५१चं ते ‘ग्रेट एक्झिबिशन’. हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टननं आखलेल्या काचेच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मे ते ऑक्टोबर भरलेलं. साठ लाखांवर तिकिटं खपली. परदेशांनाही जागा होती, म्हणून ‘जागतिक’ म्हणायचं ते यालाच. हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीचा होता. तिथे शाली होत्या, त्रावणकोरच्या महाराजांनी धाडलेलं हस्तिदंती सिंहासन होतं, पेंढा भरलेल्या हत्तीवर अंबारी होती. कोहिनूर दोनच वर्षांपूर्वी पंजाबच्या पोरवयाच्या महाराजाकडून, दुलीपसिंगाकडून, काढून घेतलेला. तो सोनेरी पिंजऱ्यात ठेवला, पण पठ्ठ्या चमकेचना! लोक हिरमुसले. मग भोवती गॅसचे दिवे लावले. पुढच्या वर्षी त्याला नव्यानं पैलू पाडले, तेव्हा १८६ कॅरटचा हिरा जेमतेम १०६ कॅरट उरला.

१८८६चं ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ साउथ केन्सिंग्टनला भरलं. ती जमीन १८५१च्या नफ्यातूनच घेतलेली, त्यामुळे गल्लत होते त्यात नवल नाही. इथे परदेश नव्हतेच, फक्त साम्राज्य. हिंदुस्थानच्या दालनाच्या तोंडाशी शिंद्यांच्या ग्वाल्हेरहून आलेलं कोरीव दगडी प्रवेशद्वार होतं. पण गर्दी व्हायची ती माणसांपुढे. तीसेक कारागीर विणत, कोरत, घडवत बसलेले. ‘पिढीजात गावकारागीर’ म्हणून लोक त्यांच्याकडे बघत. खरं तर त्यातले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातले कैदी; त्यांना आणणारे डॉ. टायलर त्याच तुरुंगाचे अधीक्षक. बक्षीराम कुंभाराचं वय तर १०२ सांगितलं जाई. व्हिक्टोरिया राणीनं रुडॉल्फ स्वोबोडाकडून त्याचं चित्र काढून घेतलं.

१८५१ला वस्तू मांडल्या होत्या, १८८६ला माणसं. माझ्या मते मोठा फरक हाच.

आणि बघ्यांना तरी कारागीर कोण नि अधिकारी कोण हे कुठे कळत होतं? प्रदर्शनाच्या सरकारी कामावर कलकत्त्याहून त्रैलोक्यनाथ मुखर्जी गेले होते. गर्दी त्यांच्याकडेही टक लावून बघे. मुखर्जींनी परतल्यावर युरोपच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि त्यात या बघ्यांनाच नीट न्याहाळून ठेवलं.